पुढं मी

कुठल्याही दारापाशी आले की आबा डावा हात आडवा धरायचे. "थांबा मास्तर. पुढं मी." मग स्वतः आधी आत जायचे, इकडेतिकडे बघायचे आणि वळून म्हणायचे, "या आता."

पिरंगुटला मी सांभाळतो त्या वाचनालयात ते उरवड्याहून बसने यायचे. नव्वदीला टेकलेला माणूस, पण बसच्या दारातही तेच. कंपनीच्या पाळीला निघालेली पोरं चिडवायची, "आबा, पंगतीतबी पुढंच का?"

"तितं तर आदी. आमटी खारट असली तर तुला कोन सांगनार?"

रस्ता ओलांडताना ते ट्रकपुढे हात करून उभे राहत, आणि ट्रक थांबत. असा एखादा हट्टी म्हातारा तुमच्याही ओळखीचा असेल. आपण हसतो आणि मागून चालू लागतो. मीही तेच करत आलो.

मग एका ऑगस्टमध्ये शाळेने त्यांचा सत्कार ठरवला. गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हा तिथे गेलेल्या सत्याग्रहींमध्ये ते होते, एवढंच गावाला माहीत. परिचय मी लिहिला : 'हाती तिरंगा घेऊन ते आघाडीवर चालत होते.' वाचून दाखवला, तर आबांनी चष्मा काढला.

"ही वळ खोडा. आगाडीवर मी न्हवतो."

तुकडीत झेंडा पाळीपाळीने एकेकाकडे येई, आणि ज्याच्याकडे झेंडा तो पुढे. हद्दीजवळ आबांची पाळी आली आणि त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. ते दोरीने बांधायला खाली बसले. मुठा गावचा त्यांचा मित्र म्हणाला, "बांध तू, तवर मी होतो पुढं." आबांनी झेंडा त्याच्या हाती दिला. पोर्तुगीज शिपायांची पहिली गोळी त्यालाच लागली.

मित्राच्या मागे एकच धाकटी बहीण. तेव्हापासून दर भाऊबीजेला आबा मुठ्याला जात आणि तिच्या भावाच्या पाटावर बसत.

"पाळी माजी हुती, हे तिला ठाव न्हाई," ते म्हणाले. "सांगितलं आनि तिनं ताट खाली ठेवलं तर?"

मी ओळ खोडली. सत्काराला आबा गेलेच नाहीत.

दिवाळीत म्हणाले, "मास्तर, ह्या बारीला माज्यासंगं चला." मुठ्यात तिच्या दाराशी पोहोचलो. मी सवयीने मागे थांबलो. हात आडवा आला नाही.

"तुमी व्हा पुढं," आबा म्हणाले. आवाज त्यांचा वाटेना.

आत पाट मांडलेला होता, निरांजन तेवत होतं. आबा पाटावर बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं, चपलेसकट. मित्राची ती बहीण, ऐंशी ओलांडलेल्या आक्का, ताट हातात धरून ऐकत होत्या.

"इतकी वर्सं ववाळून घेतलंस आनि आज सांगतुयास व्हय?"

"भ्या वाटलं."

आक्कांनी निरांजनातली वात बोटाने पुढे सारली. "आरं, दादा जत्रंतल्या पाळन्यातबी कुनाला आदी बसू द्यायचा न्हाई. तू न्हाई म्हनला असतास, तरी झेंडा वढून घेतला असता त्यानं." मग डोळे पुसत खेकसल्या, "बस आता. वात सरतीया."

परतताना बसच्या दाराशी आबा बाजूला झाले. "चढा," म्हणाले. माझ्या पाठीमागून, खांद्यावर हात ठेवून, सावकाश चढले.

फाल्गुनात आबा गेले.

या भाऊबीजेला मी एकटाच मुठ्याला गेलो. पाट मांडलेला नव्हता. भाऊ नसलेल्या बहिणी चंद्राला ओवाळतात, तशा दिवस मावळल्यावर आक्का ताट घेऊन अंगणात आल्या. डोंगरावर बारीकशी कोर होती.

"आज आबाला पुढं घेते," त्या मला म्हणाल्या. "दादा थांबंल जरा."

त्यांनी ओवाळलं. वाऱ्याने फडफडणाऱ्या ज्योतीला तळहाताचा आडोसा धरला, ती स्थिर होऊ दिली, आणि ताट पुन्हा उचललं.