पुण्याचं ‘ठीक’

“स्नेहलला कन्फर्म करता येणार नाही,” दिल्लीहून आलेले आमचे खन्नासाहेब म्हणाले. “कस्टमर खूश नाहीत तिच्यावर.”

मोबाइल नुकते घरोघरी पोचू लागले होते, तेव्हाची गोष्ट. एका मोबाइल कंपनीच्या कर्वेनगरच्या कॉल सेंटरमध्ये मी क्वालिटी बघायचो, म्हणजे दुसऱ्यांचे फोन ऐकण्याचा पगार घ्यायचो. कॉल संपला की ग्राहकाकडून रेटिंग घ्यायचं : उत्कृष्ट, चांगली, ठीक किंवा वाईट. प्रोबेशनवरच्या स्नेहलला ओळीनं ‘ठीक’ मिळत होतं. मुलगी वर्ध्याची. नोकरी गेली तर बाडबिस्तरा गुंडाळून घरी जाण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. आणि चिडलेल्या माणसाशी तिच्याइतकं शांतपणे बोलणारं माझ्याकडे दुसरं कोणी नव्हतं. मला रागच आला.

“सर, हे ‘ठीक’ पुण्याचं आहे. दिल्लीच्या मापानं मोजू नका.”

साहेबांना पटेना. मग त्यांच्यासमोरच मी स्पीकरवर एका ग्राहकाला फोन लावला. नारायण पेठेतले निवृत्त गृहस्थ. परदेशातल्या मुलाचा फोन त्यांना येत नव्हता. स्नेहलनं चिकाटीनं बिघाड शोधून तो सुरू करून दिला होता.

“काका, तुम्ही ‘ठीक’ दिलंत. काही कमी पडलं का?”

“कमी पडलं असतं, तर तुमच्या फोनची वाट बघत बसलो असतो होय?”

“मग ‘उत्कृष्ट’ का नाही?”

“अहो, फोन येत नव्हता, तो यायला लागला. त्यात उत्कृष्ट काय? गाणं म्हणून दाखवलं का तिनं?” मग म्हणाले, “मात्र पुढच्या वेळी तीच मुलगी द्या. दुसऱ्या कोणाशी मी बोलणार नाही.”

मी हिंदीत सगळं सांगितलं. साहेबांनी आणखी एक-दोन ग्राहकांना फोन लावायला लावले. सगळीकडे तोच सूर. अखेर हसत हसत त्यांनी सही केली.

मी ऐटीत स्नेहलच्या टेबलापाशी गेलो.

“तुमचं काम ठीक आहे,” मी म्हणालो.

तिचा चेहरा पडला. “म्हणजे सर, मला काढून राहिले काय?”

“नाही हो! कायम झालात तुम्ही. तुमच्याइतकं चांगलं काम इथं कोणी करत नाही.”

हे ऐकून ती रडायलाच लागली.

पुणेकराच्या मनात कौतुक असतं, याची मी आजही खात्री देतो. फक्त ते समजायला समोरच्यानंही पुण्यातच जन्म घ्यावा, अशी अपेक्षा ठेवू नये.