मापाच्या वहीतले एकोणचाळीस

सहम गावी आमच्या बिल्डिंगखाली जे टेलरचाचा होते ना, त्यांच्याइतका हट्टी माणूस अख्ख्या ओमानमध्ये नसेल, आणि असलाच तर त्याचे कपडेही चाचांनीच शिवले असतील! चाचा बांगलादेशचे. त्यांचा नियम एकच: माप ते घेणार, पण आकडा गिऱ्हाइकाने स्वतःच्या भाषेत बोलायचा आणि वहीत स्वतःच्या लिपीत लिहायचा. त्या वहीत मल्याळी नर्सच्या बाह्या होत्या, तमिळ ड्रायव्हरची कंबर होती, आणि चाचांना वाचता यायचं फक्त बांगला! मग कापड कापताना ज्याला त्याला फोन, "आके पढ़ो, तुम क्या लिखा." एकदा ड्रायव्हरचा फोन लागला नाही, चाचांनी अंदाजाने पॅन्ट कापली. तो बिचारा पुढे कित्येक महिने पोट आत ओढून गाडी चालवत होता.

आमची मापं नेहमी आईच लिहायची, त्यामुळे मी वाचले होते. पण बारावीच्या फेअरवेलचा ड्रेस टाकायला मी एकटी गेले, आणि तो दिवस होता एकवीस फेब्रुवारी. चाचा अनवाणी, छातीवर काळी फीत, काउंटरवर पुठ्ठ्याचा छोटासा मिनार, त्याच्यापाशी बोगनवेलीची फुलं. मला वाटलं, गावी कुणीतरी गेलं.

"चाचा, घर में कौन...?"

"लड़का लोग. ढाका में. बांग्ला भाषा के वास्ते पुलिस का गोली खाया. ये मीनार उन का."

"अय्यो! कब?"

"बावन साल में. हम तब पैदा भी नहीं हुआ था."

मी पार गोंधळले. हळहळ तर वाटत होती. मग मीही दारात चपला काढल्या आणि मापाचा ड्रेस टेबलावर पसरला. चाचांनी टेप लावली. "लंबाई?"

"थर्टी-नाईन."

"ये तुम्हारा भाषा?"

"उनतालीस?" मी हिंदीत म्हटलं.

"माँ गुस्सा करता तो कौन भाषा में करता? वो में बोलो."

आता आली का पंचाईत! शाळेत सगळं इंग्लिश, माझे मराठी आकडे विसापर्यंत शहाणे, पुढे नुसता धुरळा. फेअरवेल गुरुवारी, आणि चाचा कात्री खाली ठेवून बसलेले. शेवटी आईला फोन लावला, स्पीकरवर.

"एकोणचाळीस! अगं कार्टे, सतरा वर्षांची झालीस, एवढं येत नाही? रोज घरात काय मी भिंतींशी बोलते? थांब, स्पीकरवर आहे का हे? ...नमस्ते हं, भाईसाब!"

मी लाजेने लाल. चाचा मात्र डोळे मिटून ऐकत होते, कुणी गाणं लावल्यासारखे. "माँ को बोलो, और थोड़ा गुस्सा करे," म्हणाले. मग हळूच, "हमारा माँ भी ऐसे ही बोलता था. अभी कोई नहीं बोलता." मी वहीत लिहिलं. त्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि कात्री उचलली.

ड्रेस गुरुवारी सकाळी मिळाला. मी पुण्याला कॉलेजला आले त्याच वर्षी चाचा कायमचे गावी गेले. ती वही कुठे गेली, कुणालाच माहीत नाही.

परवा इथल्या टेलरकडे गेले. ते टेप धरून म्हणाले, "लांबी थर्टी-नाईन, ताई."

"एकोणचाळीस लिहा ना, काका."

"तेच ते की!"

तेच होतं, खरंय. तरी मी त्यांचं पेन मागून घेतलं आणि वहीत माझ्या हाताने लिहिलं, एकोणचाळीस.