एकटीचं व्हिएतनाम आणि खोटा नवरा

वेरूळच्या लेण्यांत मी गाइड आहे. पाठीवर सॅक अडकवून एकट्याच आलेल्या परदेशी बायका रोज बघते आणि रोज जळते. "इथं एकटीनं फिरणं सुरक्षित आहे का?" असं त्या मलाच विचारतात. मी, जी कधी पुण्यालाही एकटी गेले नव्हते, त्यांना ठामपणे उत्तर देते. शेवटी त्या जळण्यापायीच व्हिएतनामचं तिकीट काढलं.

हर्सूलच्या घरी आई म्हणाली, "तिथं काय झालं तर कोण धावून येणार हाय गं?" भावानं माझ्या फोनचं लोकेशन स्वतःच्या फोनला जोडून घेतलं. वहिनी माझी बॅग तेवढी नीट लावत राहिली.

ई-व्हिसा घरबसल्या मिळतो; नाव मात्र पासपोर्टवर आहे तसंच लिहा. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे. शाकाहारी असाल तर "आन चाय" एवढं पाठ करा, भात आणि टोफू समोर येतो.

हनोईत सकाळी तळ्याकाठी साठीच्या बायका स्पीकर लावून नाचत होत्या. कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. आमच्या हर्सूलच्या तलावावर फिरताना माझा एक हात सारखा ओढणीवर असतो. त्या आज्यांचाही मला हेवा वाटला.

तिथून बसनं निन्ह बिन्ह. भातशेतं आणि मधूनच सरळ उभे राहिलेले डोंगर. होमस्टेत लेना नावाची जर्मन मुलगी भेटली. ती पासपोर्ट टेबलावर टाकून अंघोळीला जायची, कुणाशीही हसून बोलायची. मी मात्र रात्री दाराला खुर्ची लावून झोपत होते. ती मला आवडली, आणि सहनही होईना.

दुसऱ्या दिवशी मी सायकल घेऊन निघाले. शेतातल्या रस्त्यावर एका स्कूटरवाल्यानं वेग कमी केला आणि माझ्या बरोबरीनं चालवू लागला. "एकटी? कुठं उतरलीस?"

"नवरा पुढे गेलाय," मी म्हणाले. माझं लग्न झालेलं नाही.

तो हटेना. समोर चहाचं दुकान दिसलं, तशी सायकल तिथं घातली. आत लेना बसली होती, चेहरा पांढराफटक.

"तो स्कूटरवाला?" तिनं विचारलं. "मघाशी माझ्या मागे होता. मी सांगितलं, नवरा मागून येतोय."

दुकानातल्या बाईनं बाहेर जाऊन त्याला काहीतरी सुनावलं. तो गेला. मग आम्ही दोघी आपापल्या नवऱ्यांवरून इतक्या हसलो की लेनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तू घाबरत नाहीस असं मला वाटलं होतं," मी म्हणाले.

"दाराला खुर्ची लावते मी. प्रत्येक देशात."

हे ऐकून माझा हेवा संपायला हवा होता. पण ती दुसऱ्या दिवशी लाओसला निघाली आणि मी परतीच्या विमानाला. ती घाबरूनही पुढे जात होती. तिच्या बसला हात करताना मी पुन्हा जळलेच.

तुम्ही निघालात तर होमस्टेचं कार्ड खिशात ठेवा आणि शंका आली की बाई बसलेल्या दुकानात शिरा. तिथल्या लोकांनी मला नव्वद टक्के मायाच दिली. उरलेलंही सांगायला हवं, म्हणून हे लिहिलं.

घरी आल्यावर आईला डोंगरांचेच फोटो दाखवले. संध्याकाळी वहिनी भाकरी थापत होती, मी शेजारी बसले.

"ताई, भीती वाटली का?"

"वाटली की. लई."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मलाबी एकदा तसली भीती वाटाय पाहिजे," ती म्हणाली. तिच्या आवाजातली जळजळ मी लगेच ओळखली. ती माझ्यावर होती, आणि खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं.

भाऊ बाहेरच्या खोलीत होता. वहिनीनं आवाज खाली आणला.

"पासपोर्टला काय काय लागतं?"