वरुणरावाचं सोवळं आणि मागची खोली

माझा धाकटा भाऊ वरुणराव म्हणजे अख्ख्या तंजावुरातला सर्वांत शुद्ध माणूस. हे मी म्हणत नाही, तोच म्हणतो. सरकारी कचेरीतून निवृत्त झाला आणि त्याचं सोवळं असं काही वाढलं की विचारू नका. पहाटे विहिरीवर आंघोळ, अंगावर ओलं धोतर, आणि जेवण होईपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. बायको गेल्यावर स्वयंपाकघरही त्यानेच ताब्यात घेतलं. घरात कांद्याला बंदी आहे, पण नाकाने सोलायला कुठून मिळतात देव जाणे!

मी सीतालक्ष्मी, त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आले ती इथलीच झाले. त्यामुळे हा माणूस मला तोंडपाठ आहे.

गेल्या माघात आमच्या भागात फ्लूची साथ आली. घराघरातून खोकल्याचे आवाज, शाळेतली निम्मी पोरं घरी. आणि आमच्या घरात अखिला, वरुणरावाची सून, आठवा महिना लागलेली. तिचा नवरा प्राणेश नोकरीसाठी होसूरला. डॉक्टरीण कीर्तनाबाईंनी आम्हा सगळ्यांसमोर बजावलं, "गरोदर बाईला हा ताप जड जातो, छातीत उतरतो. तिने लस घेतलीय, तरी गाफील राहू नका. खोकणाऱ्याने तिच्यापासून लांब राहायचं, मास्क लावायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या. कुणालाही ताप आला तर त्याच दिवशी मला कळवायचं."

वरुणराव असा काही फुलला, जसा त्याचा सत्कारच चाललाय. "हे सगळं आम्ही तीनशे वर्षं करतोय बाई. त्यालाच सोवळं म्हणतात!"

मग त्याचा बंदोबस्त सुरू झाला. कामवाल्या सेल्वीला रजा. दारात हळदीच्या पाण्याची बादली, चौकटीला कडुनिंबाचे डहाळे. दुधाच्या पिशव्यांना आंघोळ. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला ह्याने अंगणातच थांबवलं आणि ओटीवरून असा ओरडला की त्या बिचाऱ्याला वाटलं, घरात चोर शिरलाय. मी मनात म्हटलं, असू दे, ह्याच्या वेडाचा पोरीला तरी उपयोग होतोय.

तेवढ्यात पापनाशमहून मुंजीचं आमंत्रण आलं.

"अरे, शंभर माणसं जमतील. नको जाऊस," मी म्हटलं.

"अक्का, ती आपली माणसं. आचारी सोवळ्यातला, पंगत सोवळ्यातली. तिथे कसला आलाय ताप?"

जसा काही ताप गोत्र विचारून नाकात शिरतो! सेल्वी, जी बिचारी रोज हात धुऊन भांड्याला हात लावते, ती धोक्याची. आणि बसमध्ये दाटीवाटीने उभं राहून, मुंजीत खोकणाऱ्या आप्तांच्या मांडीला मांडी लावून जेवून आलेला हा शुद्ध! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

दोन दिवसांत खोकला सुरू झाला. "रसमात मिरी जास्त पडली," म्हणाला. नाक वाहायला लागलं तर म्हणे धूळ. डोळे लाल झाले तर म्हणे होमाचा धूर. अरे, होम कधी झाला, तू केव्हा बोलतोयस? थर्मामीटर पुढे केला तर "पूजा व्हायचीय." मास्क दिला तर काय म्हणावं ह्याने? "शिवलेलं वस्त्र सोवळ्यात चालत नाही."

"मग ते उपरणं बांध तोंडाला. ते तर शिवलेलं नाही ना?"

"मग मंत्र कसे म्हणू?"

ह्याच्यापुढे डोकं फोडायला भिंतही कमी पडेल.

अखिला कॉलेजात शिकवते. वर्गभर पोरी तिच्या एका शब्दात गप्प होतात, आणि सासऱ्यापुढे हीच गप्प. "त्याच्या पूजेचं तीर्थ घ्यायला जाऊ नकोस," मी तिला निक्षून सांगितलं होतं. "आत्या, त्यांना वाईट वाटेल," म्हणाली. वाईट वाटेल म्हणे!

त्या सकाळी वरुणराव पूजेला बसला आणि तीर्थाच्या पंचपात्रावरच खो-खो खोकला. मग पळी उचलली आणि हाक मारली, "ये अखिला, तीर्थ घे." ती आली. एक हात पोटावर, दुसरा पुढे केलेला. तो पुढे आलेला तळवा पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. मी ह्याच्या हातावर फटका मारला. पळी खणखणत गेली, तीर्थ जमिनीवर सांडलं. देवाने मला काय ते करावं, पण त्या पोरीच्या पोटातलं बाळही देवाचंच आहे.

"अक्का! शिवलीस तू मला!"

"शिवले! आणि तुझ्या तापाने हात पोळला माझा. खबरदार पुन्हा थंड पाण्याने आंघोळ केलीस तर. चल मागे."

परसाला आम्ही कोल्लै म्हणतो. तिथे विहिरीपलीकडे एक खोली आहे. महिन्याचे दिवस आले की घरातल्या बायकांनी तिथे बसायचं. चटई वेगळी, तांब्या वेगळा, ताट लांबून सरकवायचं. मी परकरात होते तेव्हापासून बसले. लग्नाच्या पहिल्या वर्षी अखिलाही बसली, पेपर तपासत. शेवटी प्राणेश बापाशी भांडला तेव्हा ते थांबलं.

"धडधाकट बायकांना आजवर तिथे बसवलंत," मी म्हटलं. "आज घरात खराखुरा आजारी सापडलाय. बस तिथे."

"पुरुष कधी बाहेर बसतात का?"

"मग कीर्तनाबाईंना फोन करून तसं कळवू?"

गेला. माझ्या धाकाने नव्हे, ताप चढला होता म्हणून. कीर्तनाबाईंनी त्याला औषध दिलं, आणि खबरदारी म्हणून अखिलालाही त्याच दिवशी सुरू केलं. पोरीला पुढे ताप आला नाही, हे आधीच सांगून टाकते. पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक होतं? दर तासाला तिच्या कपाळाला हात लावताना माझा जीव मुठीत होता.

दुपारी मी मास्क लावून त्याला पेज सरकवून आले. थोड्या वेळाने हाका सुरू झाल्या.

"अक्का, गुदमरतंय गं! ह्या खोलीची खिडकी कुठे आहे?"

ऐकलंत? ह्याच घरात जन्मला, ह्याच घरात म्हातारा झाला, आणि विचारतो खिडकी कुठे आहे! माझ्या जिभेवर असं काही आलं होतं की त्याचा ताप एका क्षणात उतरला असता. पण माझ्याआधी अखिला बोलली. विहिरीच्या अलीकडे, लांब उभी होती, मास्क लावून.

"मामंजी, खिडकी नाही त्या खोलीला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, वर्गात सांगावं तसं सांगत होती. "दार अर्धं उघडं ठेवा आणि उंबऱ्याकडे डोकं करून निजा. वारा तेवढाच येतो. मी तशीच निजायचे."

 मग चटई ओढल्याचा आवाज झाला आणि उंबऱ्यापाशी त्याचं पांढरं डोकं दिसलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला ऐकू गेलं का, ते पाहायला ती दोन पावलं पुढे आली होती.

वरुणरावाने उपरण्याचं टोक तोंडावर धरलं.

"लांब हो बाळ," तो म्हणाला. "मी आजारी आहे."