देवरावांनी न विचारलेला प्रश्न

देवरावांना प्रश्न पडायला कारण लागत नाही. घाटंजीहून यवतमाळच्या एस.टी.त बसले की पुढचा थांबा यायच्या आत शेजारच्याचं गाव, त्याचं पीक आणि त्याचा जावई कुठं नोकरीला आहे, हे सगळं त्यांना ठाऊक झालेलं असतं. शेतातला पंप बिघडला की मेकॅनिकच्या आधी ते स्वतः उघडतात. जोडताना एखादा नट हमखास उरतो आणि तो कुठला, या विचारात त्यांचा दिवस मजेत जातो. कापूस-तुरीचं शेत आहे. बायको इंदूबाई आहेत, नवऱ्याच्या प्रश्नांना उत्तर न देण्यात तरबेज. आणि एकुलती एक लेक समीक्षा आहे.

दोन वर्षांमागे समीक्षा पुसदला कॉलेजात होती. होस्टेलवरून फोन आला की पोरगी झोपतच नाही, बोलायला लागली की थांबत नाही, सगळे कपडे मैत्रिणींना वाटून टाकलेत. देवराव तिला घरी घेऊन आले. पुढं तीच पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली. पाण्याचा पेला उचलायचंही तिच्या जिवावर यायचं. गावानं आपापली मतं दिली. कुणी बाहेरची बाधा म्हणालं, कुणी लग्न लावून टाका म्हणालं. यवतमाळच्या डॉक्टरांनी मात्र आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. मन कधी फार वर चढतं, कधी पार खाली बसतं. गोळ्या, रक्ततपासणी आणि वेळेवर झोप सांभाळली तर माणूस चारचौघांसारखा जगतो.

देवराव दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. मग दुपट्ट्यानं तोंड पुसून पुन्हा आत गेले.

"डॉक्टरसाहेब, वर चढाच्या आधी काही निशाणी असनच ना? रोग पडाच्या आधी पऱ्हाटीचं पान बी सांगते."

डॉक्टर म्हणाले, कपाशीवर ठेवता तसंच घरात लक्ष ठेवा, सापडेल. झालं, देवरावांना जन्माचं काम मिळालं. ते तिचं जेवण बघू लागले, चालणं बघू लागले, ती चहात साखर किती घालते तेही बघू लागले. आणि निशाणी सापडली ती शेतात. कापूस वेचताना बायका पोटाशी कापडाची ओटी बांधतात आणि वेचलेला कापूस तिच्यात टाकत जातात. समीक्षा बरी असली की तिच्या ओटीत कापूस कसा, पांढरा स्वच्छ. गेल्या हंगामात एकदा मात्र तिनं पाला, बोंडाची टरफलं, सगळं ओरबाडून ओटी भरली होती. त्याच आठवड्यात तिची झोप उडाली. डॉक्टरांनी वेळीच गोळी बदलली म्हणून निभावलं. तेव्हापासून देवरावांचा रक्ततपासणीइतकाच त्या ओटीवर भरवसा बसला.

यंदा समीक्षा बरेच महिने चांगली होती. दिवाळीनंतर पुसदला परत जायचं, राहिलेलं शिक्षण पुरं करायचं, असं तिनं बापाला सांगितलं होतं. देवराव हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पहिल्या वेचणीचा कापूस बघू आणि मग ठरवू, असं त्यांनी मनाशी योजलं आणि कुणाला सांगितलं नाही.

पहिली वेचणी म्हणजे आपल्याकडं सीतादही. कपाशीच्या झाडाला हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग बोंडाला हात लावायचा. त्या दिवशी समीक्षा गाणं म्हणत शेतात आली. बायकांत बसून खळखळून हसली. एका वेचणारणीचं डोकं उन्हात तापलं म्हणून स्वतःची नवी ओढणी तिच्या डोक्याला बांधली आणि म्हणाली, राहू दे तुलाच. बांधावर देवरावांनी हातातला दहीभात तसाच खाली ठेवला. कपडे वाटण्यापासूनच तर सगळं सुरू झालं होतं.

संध्याकाळी सगळ्या घराकडं वळल्या तसे ते मागं राहिले आणि समीक्षाच्या ओटीतून निघालेल्या कापसाचं गाठोडं सोडून बसले. कापसात पाल्याचा चुरा होता, भरपूर. पुसद तर सोडाच, उद्याच यवतमाळ गाठावं लागणार होतं.

"काय पाहून राह्यले बाबा?"

समीक्षा पाण्याचा डबा विसरली होती, तो न्यायला परतली होती. देवरावांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी ओटीची निशाणी, पुसदचा निर्णय, सगळं सांगून टाकलं. ती गाठोड्याशी बसली आणि चुरा बोटांत घेऊन त्यांच्यापुढं धरला.

"सकाळी मी आईसंग नैवेद्याच्या सयपाकात होती. कापूस वेचला दुपारी. दुपारी पाला वाळते, हात लागला का चुरते. हे मले कोनं शिकवलं?"

शिकवलं होतं त्यांनीच. सकाळच्या दवात पाला ओला असतो, तेव्हाचा कापूस स्वच्छ निघतो, हे ते दर हंगामात बायकांना ऐकवतात. जन्म कपाशीत गेला आणि धास्तीपायी माणूस एवढं विसरला.

"मी आज खुश होती बाबा. बस, खुश होती. तुमी डॉक्टरले इचारता, मेडिकलवाल्याले इचारता, एस.टी.तल्या मानसाले इचारता. मलेच काहून इचारत नाही?"

देवरावांना लाज वाटली, खूप वाटली. पण त्यांच्यातला चौकस माणूस लाजेनं मरणारा नव्हता.

"मंग सांग, तुले कसं समजते? वर चढाच्या आधी?"

तिनं बोटांतला चुरा झटकला. "सगळे लोक हळू बोलून राह्यले असं वाटते. जसं कोनी मुद्दाम एकेक शब्द मोजून देऊन राह्यलं. तुमी बी, आई बी. मले राग येते तुमचा."

"मंग तहान-भूक?" देवरावांनी विचारलं. "झोप आधी जाते का हे आधी येते?" प्रश्न संपेनात. ती सांगत गेली. इंदूबाई हाका मारून थकल्या तेव्हा कुठं दोघं उठले.

दिवाळीनंतर समीक्षा पुसदला गेली. देवराव रोज फोन करतात आणि काय काय विचारत बसतात: मेसच्या भाजीत तेल किती, खोलीतल्या पोरी कुठल्या गावच्या. तीही त्यांची चेष्टा करत सगळं सांगते.

थंडी ओसरत आली होती तेव्हाची गोष्ट. देवराव नेहमीसारखे फोनवर बोलत होते. वेचणी संपत आली होती, तूर यंदा चांगली निघाली होती, भडाभडा सगळं सांगत होते.

"बाबा," समीक्षा मध्येच म्हणाली, "तुमी आज लई हळू बोलून राह्यले."

देवराव उठून उभे राहिले. शेजारी इंदूबाई तूर निवडत होत्या; त्यांनी मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं.

"मले माहीत हाय तुमी हळू नाही बोलून राह्यले," ती म्हणाली. "म्हनूनच सांगून राह्यली. काल झोप चांगली झालती, गोळी बी घेतली. पन उद्या या. डॉक्टरकडे जाऊ."

"येतो," देवराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आनखी काय वाटून राह्यलं, सांग."