एका गेटवर दोन हुकूम

सुखदेव कमरेपर्यंत धानात रुतला होता आणि खाली दोन माणसं एकमेकांच्या उलट हुकूम देत होती. त्यातली एक मी. मिलची प्रॉडक्शन इन-चार्ज.

आमगाव रोडवरच्या त्या राईस मिलमध्ये धान साठवायला पत्र्याची उंच टाकी होती. तिला आम्ही बिन म्हणायचो. वरून धान भरायचं, तळाचं गेट सरकवून काढायचं. धान ओलसर असलं की वर घट्ट थर धरतो आणि खाली पोकळी होते. मग एक जण आत उतरून बांबूने तो थर फोडतो. थर पायाखालीच फुटला की माणूस आत जातो.

म्हणून मी नियम केला होता. आधी गेट बंद, मग कमरेला दोर, मगच उतरायचं. तिलकचंदभाऊ तिथले जुने मुकादम. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "दोर बैलाले बांधतेत मॅडम, मानसाले नाही." माणसं हसली. मी मिलचे मालक सेठजी यांच्याकडे गेले.

"बेटा, सीजन है. तिलकचंद को जरा संभाल के लो."

नियम कागदावर राहिला. मीही ताणलं नाही. माझी आई बिड्या वळायची. आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि त्या पदवीला पहिली खुर्ची सेठजींनी दिली होती. ते उपकार मी मानत होते, आजही मानते.

त्या सकाळी सुखदेव दोर न बांधताच उतरला. गेट अर्धं उघडं होतं. वरून आरोळी आली, "सुखदेव गेला रे, कमरेपर्यंत गेला!"

"शामराव, गेट बंद!" मी ओरडले. गेटवरच्या शामरावने लगेच बंद केलं. धान थांबलं, सुखदेवही थांबला. त्याचा आवाज खाली येत होता.

"आता बाजूच्या पत्र्यांचे नट काढा. त्याला ओढू नका." बाजूने धान निघालं की दाब कमी होतो. वेळ लागतो, पण माणूस आहे तिथेच राहतो.

तेवढ्यात तिलकचंदभाऊ धावत आले. "पत्रे काऊन खोलून राहिले? गेट पुरा खोल! धान उतरला का निंगते तो."

"नको! धानाबरोबर तोही खाली ओढला जाईल."

"बाजूले व्हा मॅडम. हे पुस्तकातला काम नोहोय. शामराव, खोल!"

शामरावने माझ्याकडे पाहिलं, मग मुकादमाकडे. आणि गेट ओढून पूर्ण उघडलं.

तळातून धान वाहायला लागलं की मधलं धान आधी खाली येतं. मधोमध सुखदेव होता.

वरचा आवाज बंद झाला.

शेवटी पत्रेच उघडावे लागले. सुखदेवला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या नाकातोंडात धान होतं. त्याची बायको यार्डात धान वाळवायच्या कामावर होती. तिला बोलवावं लागलं नाही.

फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. "इथे इन-चार्ज कोण?"

"ये मॅडम हैं," सेठजी म्हणाले. सगळ्या कामगारांसमोर त्यांनी तसं म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

मी शामरावला विचारलं, "माझं ऐकू आलं नव्हतं का?"

"आला होता जी. पहिले तुमचाच आयकला ना." तो रडत होता. "पन मुकादम म्हनला मंग... बाईमानसाच्या भरोशावर कोन रायते जी?"

नोटीस मला आली. मी उत्तर दिलं, त्यात नियम न ताणल्याची माझी चूकही लिहिली, आणि राजीनामा दिला. तिलकचंदभाऊ पंधरा दिवसांत कामावर परतले.

आता दुसऱ्या मिलमध्ये आहे. मुलाखतीत एकच अट घातली. पहिल्या दिवशी मालकांनी सगळ्यांना उभं करून सांगायचं की बिनवर हुकूम मॅडमचाच चालेल. त्यांनी सांगितलं. माणसं गेट बंद करतात, दोर बांधतात. ती मालकाचं ऐकतात, माझं नाही, हे मला कळतं. पण आत उतरलेला माणूस बाहेर येतो. तूर्त मी त्यावर भागवते.