वरून येणारा ठोका

"बुधवार, १३ नोव्हेंबर. सकाळी धुकं. दूधवाला उशिरा आला. मसाल्याचा पाक केला, नेहमीएवढ्याच बरण्या भरल्या. गाळणीचा दांडा निखळला, सुतळीने बांधला. शिंपीदादा उद्या लेकीकडे राहायला जाणार, कायमचे."

वहिनींनी पेनाला टोपण लावलं. घडलं ते लिहावं, वाटलं ते लिहू नये, हे वळण त्यांना मिशनच्या शाळेतल्या सिस्टरनी लहानपणी लावलं होतं. एरवी ते सोपं जायचं. आज मात्र शेवटच्या ओळीवर त्यांची नजर अडून राहिली.

वहिनी त्या फक्त धाकट्या दिराच्या. पण तो दुकानातून दिवसभर "वहिनी, वहिनी" अशी हाक मारायचा, म्हणून साऱ्या गल्लीच्याच वहिनी झाल्या. पुढे दुकान, मागे त्यांचं स्वयंपाकघर, मध्ये भिंतीत एक सरकती खिडकी. दुकानात फक्त सकाळची न्याहारी मिळायची. टोस्ट, पॅनकेक, ओटची लापशी. असली दुकानं कुठेही असतात. इथे लोक यायचे ते वहिनींच्या पाकासाठी.

पाक त्यांना सासूबाईंनी शिकवला होता. साखर विरघळली की चमचाभर दूध घालून मळी काढायची. मग दालचिनी, आल्याच्या चकत्या, संत्र्याची साल आणि सगळ्यात शेवटी लवंग. तार आली की नाही ते बोटांना कळतं. पण मसाला केव्हा काढायचा, ते फक्त नाकाला कळतं. "लवंग आमच्या वन्संसारखी," सासूबाई म्हणायच्या, "वेळेवर वाटेला लावली तर गोड." वहिनींचं नाक असं तिखट, की त्यांचे यजमान गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगायचे, "घर माझं, दुकान माझं, पण नाक आमच्या हिचं. त्याच्यावरच सगळं चाललंय."

यजमान गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात घरात सगळ्यांना ताप आला, सगळ्यांचा उतरला. वहिनींचाही उतरला, पण जाताना त्यांच्या नाकाची वास घ्यायची शक्ती घेऊन गेला. त्यांना ते कळलं तेव्हा पातेलं काळंठिक्कर पडलं होतं आणि वरच्या मजल्यावरचे शिंपीदादा, स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून निघालेला धूर पाहून, धापा टाकत दारात उभे होते.

"वहिनी, अहो धूर बघा! पाक लागला की!"

वहिनी शेजारीच पाठमोऱ्या उभ्या होत्या. हातात पळी तशीच. मग त्या पदरात तोंड घालून रडल्या. दुकानात गल्ल्यावर आता दीर बसायचा. त्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बघवत नाही म्हणून त्यांनी पुढे जाणंच सोडलं होतं. उरलं होतं ते एवढं एक पातेलं. तेही गेलं तर या घरात आपण कोण, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, पण तो त्यांच्या मानगुटीवर बसला होता.

"कुणाला सांगू नका," त्या म्हणाल्या.

शिंपीदादांनी डोकं खाजवलं. "तुमच्या पातेल्याच्या बरोबर वर माझी कापायची जागा. वास वर आला की मी लाकडी पट्टीने जमिनीवर ठोका देतो. तुम्ही मसाला काढा. झालं!"

तेव्हापासून तसंच चाललं होतं. वहिनी आचेपाशी उभ्या राहायच्या, कान छताकडे. ठोका पडला की झारा पातेल्यात. बरण्या खिडकीतून पुढे जायच्या, रिकाम्या होऊन परत यायच्या. पूर्वी त्या चिकट यायच्या, कडेला चमच्याचे ओघळ असलेल्या. हल्ली लख्ख धुतलेल्या यायच्या. जाऊबाईला उशिरा का होईना, नेटकेपणा आला म्हणायचा, असं वहिनींना वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी शिंपीदादांची मशीन गाडीत चढली. वहिनी दाराशी गेल्या, तर दादा आतच आले आणि चप्पल न काढता उभे राहिले.

"वहिनी, जाता जाता पोटात ठेवून जाववत नाही. ते ठोक्याचं."

"उद्यापासून माझं कसं होणार, तेच मला कळत नाही."

"होईल, आजवर झालं तसंच. म्हणजे..." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वास मला कुठला येतोय हो? जन्म गेला इस्त्रीच्या वाफेत आणि तपकिरीत. आमचं नाक नुसतं चष्मा टेकवायला."

वहिनींना आधी हसूच फुटलं. "मग ठोकायचात कशावरून?"

"खाली पातेल्याचा आवाज आला की चहा घ्यायला बसायचो. तो संपला की ठोकायचो."

"आणि चहा घेताना कुणी गप्पा मारायला आलं तर?"

"तर... उशीर व्हायचा." दादा खाली बघत म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी रडत होतात. म्हटलं, धीर तरी येईल. आणि बरण्या रिकाम्या येत होत्या ना! मला वाटलं, जमतंय आपल्याला."

बाहेर लेकीने हॉर्न वाजवला. दादा गेले.

वहिनी तिथेच उभ्या राहिल्या. बरण्या रिकाम्या येत होत्या, हे खरं. चिकट यायच्या त्या लख्ख यायला लागल्या, हेही खरं. त्यांनी हात पुसले आणि मधलं दार उघडून त्या दुकानात गेल्या.

प्रत्येक टेबलावर लांब मानेची, चित्र छापलेली, विकतच्या पाकाची बाटली होती. एक गिऱ्हाईक वर्तमानपत्रातून मान वर न करता ती पॅनकेकवर ओतत होतं. कोपऱ्यात, मोरीपाशी, जाऊबाईने कालची बरणी उपडी धरली होती. त्यातून पाकाची धार मोरीत चालली होती, बारीक, न तुटणारी. तार अगदी हवी तशी आली होती.

"वहिनी? तुम्ही इकडे?" दीर गल्ल्यावरून उठलाच.

"कधीपासून, भाऊजी?"

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने नळ बंद केला.

"झाले बरेच महिने," तो म्हणाला. "लोक ताटली मागे सारायचे. कधी लवंगेचा उग्र दर्प, कधी नुसतं साखरेचं पाणी. तुम्हाला वास येत नाही, हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं हो. तुम्ही लपवत होतात, मग आम्ही कोणत्या तोंडानं बोलणार?"

"बोलायचंत की. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"माझा भाऊ गेल्यावर तुमच्याकडे दुसरं होतं काय, वहिनी?"

जाऊबाई पदराला हात पुसत जवळ आली. "ताई, तुम्ही करत जा हो पाक. बंद नका करू. तुमचा तेवढाच वेळ जातो. साखरेचं काय एवढं!"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर वहिनींना उत्तर सुचलं असतं. तोंडाने त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. त्या "बरं" म्हणाल्या. जाता जाता एका टेबलावरची बाटली उचलून तळहातावर थेंबभर घेतलं, चाटलं. गोड होतं. एवढंच कळलं.

स्वयंपाकघरात येऊन त्यांनी लवंगांची बाटली उघडली, नाक पार आत घातलं, डोळे मिटले. काही नाही. त्यांनी मसाल्याच्या बाटल्या एकेक करून खिडकीत मांडल्या आणि खिडकी सरकवली. पलीकडे जाऊबाईचा हात आला, क्षणभर थांबला, मग बाटल्या उचलत गेला.

मग मोठं पातेलं घेऊन वहिनी घासत बसल्या. तळाचा काळा डाग त्या हिवाळ्यापासूनचा, कधीच न निघालेला. आजही निघाला नाही. वरच्या रिकाम्या खोलीतून एकदा दार आपटल्याचा आवाज आला. वाऱ्याने असेल. वहिनींचा हात सवयीने झाऱ्याकडे गेला.

दिवेलागणीला त्यांनी डायरी उघडली.

"गुरुवार, १४ नोव्हेंबर. शिंपीदादा सकाळी गेले. मोठं पातेलं घासून माळ्यावर ठेवलं. गॅसचा सिलिंडर आता जास्त दिवस पुरेल."